बाण माझ्याकडे, तलवार दादाकडे

तो गेम आमच्या घरी एका पांढऱ्या कागदी पाकिटातून आला. पाकिटावर बाळूदादाने निळ्या पेनाने नुसतं 'तलवार' एवढंच लिहिलं होतं, कारण खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि ते ना त्याला नीट वाचता यायचं ना माझ्या भावाला. बाळूदादा हा माझ्या भावाचा, संतोषदादाचा, जिवाभावाचा मित्र. मूळचा मार्गासनीचा, वेल्ह्याच्या रस्त्यावरचा. दोघे नीरेपलीकडच्या एका कारखान्यात शेजारशेजारच्या प्रेसवर कामाला होते. पत्रा मशीनखाली ठेवायचा, वरून दाब यायचा, पत्र्याला गाडीच्या कसल्याशा भागाचा आकार यायचा, तो काढायचा आणि दुसरा ठेवायचा. दिवसभर तेच. बाळूदादा सुट्टीला गावी जायचा आणि परत येताना वाट वाकडी करून आमच्याकडे भोंगवलीला उतरायचा. हातात आईसाठी घरच्या तांदळाची पिशवी असायची. त्या खेपेला तांदळाच्या वर ते पाकीट ठेवलेलं होतं.

दादाने ते बघितलं तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते मला आजही आठवतं, आणि त्या वर्षातलं आठवावं असं तेवढंच आहे असं कधीकधी वाटतं. हा गेम त्याच्या ओळखीचा होता. भोरला शाळेत असताना एसटी स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या गाळ्यात टीव्हीला जोडलेला व्हिडीओ गेमचा डबा होता. तास-अर्ध्या तासाच्या हिशेबाने पोरं तिथे खेळायची. त्यावर दादा हाच गेम खेळायचा. एक लांब केसांचा, काळ्या कोटातला माणूस, त्याच्या हातात त्याच्याहून लांब तलवार, आणि एका पडक्या शहरातून त्याच्या अंगावर येणारी सतराशेसाठ भुतं. त्याने नुसतं कापत सुटायचं. दादा त्यात इतका तरबेज होता म्हणे, की मोठी मोठी पोरं त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची. पण शेवटपर्यंत पोचायच्या आधी तो गाळा बंद झाला, दादाची दहावी झाली, आयटीआय झालं, आणि तो प्रेसवर लागला. आता तोच गेम कंप्युटरवर निघाला होता, आणि दादाने दोन महिन्यांपूर्वी भोरमधल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून जुना कंप्युटर आणलेला होता.

कंप्युटरवर आलेला तो गेम मात्र तसा नव्हता. दादा पहिल्या दिवशीच म्हणाला, "ह्यो त्योच हाय, पर आजारातनं उठल्यावानी दिसतोय." चित्र काळपट यायचं, माणूस पाण्यातून चालल्यासारखा हळू चालायचा, सीडी आत घरघरायची आणि मध्येच सगळं थांबायचं. आणि खरी गंमत म्हणजे, ज्यांनी तो कंप्युटरसाठी तयार केला त्यांनी आतल्या सूचना बदललेल्याच नव्हत्या. स्क्रीनवर यायचं, त्रिकोण दाबा, चौकोन दाबा, गाळ्यातल्या त्या डब्याच्या बटणांवर असायचे तसे. आमच्या कीबोर्डवर कुठला आला त्रिकोण? आम्ही दोघांनी एक दुपारभर एकेक बटण दाबून बघितलं, आणि जे सापडलं त्यावर मी आईच्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली म्हणजे तलवार, हिरवी म्हणजे उडी, काळी म्हणजे बंदूक. ही सगळी डाव्या बाजूला होती. चालायची बटणं उजवीकडे, चार बाण असलेली. बटणांची जागा बदलायची सोय होती म्हणे, पण ती उघडली की गेम बंद पडायचा, म्हणून ती जशी होती तशीच राहिली. मी हे इतकं सविस्तर लिहिते आहे कारण पुढे त्या बटणांवरच आमचं सगळं चाललं.

त्या वर्षी शेतावरची लाइट दिवसा जायची आणि रात्री असायची. उसाला पाणी द्यायचं तर आबा, म्हणजे आमचे वडील, आणि आई रात्रीच शेतावर जायचे, खोपीतच झोपायचे. घरी मी आणि दादा. मला अकरावीला भोरला जायचं असायचं, सकाळची एसटी गाठायची असायची, म्हणून मी लवकर पडायची. झोपेत मला सीडीची घरघर ऐकू यायची. एके पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा दादा तसाच बसलेला होता, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट घालूनच. मी म्हटलं, "झोपला न्हाईस?" तो म्हणाला, "झालंच. एवढा एक मारतो आन जातो." मग तोंड धुऊन, चहासुद्धा न घेता तो पहिल्या पाळीला गेला.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मी कॉलेजच्या वर्गात होते. शिपायाने येऊन माझं नाव पुकारलं. बाहेर आमच्या भावकीतले एक काका मोटारसायकल घेऊन उभे होते. ते नुसतं "बस" म्हणाले. रस्त्यात मी त्यांना काही विचारलं नाही. उसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यातलं एक कांडं रस्त्यावर पडलेलं होतं आणि काकांनी त्याला वळसा घातला, हे मला आठवतं. दादाच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं प्रेसखाली गेली. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली.

पुण्याच्या दवाखान्यातून तो घरी आला त्यानंतरचे दिवस मला दिवस म्हणून आठवत नाहीत. घर चालूच होतं. गाईंची धार निघायची, चूल पेटायची, भाकरी व्हायची. आई ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून चमचा घालून दादापुढे ठेवायची, कारण डाव्या हाताने जेवायला त्याला नको वाटायचं आणि चमच्याने खाल्लं तर तो हात डावा आहे की उजवा हे तितकंसं दिसत नाही, असं बहुधा तिच्या मनात असावं. तिने तसं कधी म्हटलं नाही. आबा त्याच्याशी बोलायचेच नाहीत. रागाने नाही; त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. लोक भेटायला यायचे, चहा प्यायचे, हाताकडे न बघता छपराकडे बघून बोलायचे. मला रडायला यायचं नाही. आपल्याला रडू कसं येत नाही याचंही मला काही वाटत नव्हतं. कॉलेजमधल्या मैत्रिणी विचारायच्या, मी सांगायची, बरा आहे.

मग एक दिवस कारखान्याचे साहेब आले. पँटमध्ये शर्ट खोचलेला, हातात फाइल, बोलायला फार गोड. आबांनी त्यांना ओसरीवर खुर्ची दिली. त्यांनी आधी दादाची, मग पिकाची, मग गाईंची चौकशी केली. आईने चहा आणला. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "आदल्या दिवशी झोप झाली होती का हो त्याची? म्हणजे घरात काही वाद, जागरण, असं काही?"

आबांनी आईकडे बघितलं. "आमी दोघं खोपीवर व्हतो साहेब," ते म्हणाले. "पोरीला इचारा. पोरगी हुती घरात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. माझ्या मागे, आतल्या खोलीत, खाटेवर दादा होता.

"नवाला झोपला होता," मी म्हणाले.

"नक्की?"

"व्हय. मीच अंथरूण घातलं."

अंथरूण घातलं हे कशाला म्हणाले, कोण जाणे. साहेबांनी फाइल मिटली. "बरं," म्हणाले, आणि चहा संपवून गेले. त्या दिवशी रात्री जेवताना माझा हात नेहमीसारखा चालत होता. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. फक्त ताटातलं पिठलं खारट आहे की अळणी हे कळेना, म्हणून मी आईच्या तोंडाकडे बघितलं. ती काही न बोलता जेवत होती, म्हणजे ठीक असणार.

त्यानंतर चारेक दिवसांनी मी कॉलेजातून आले तर दादा उठून बसलेला होता. कंप्युटरवर आईने जुनं लुगडं टाकलेलं होतं, ते त्याने काढलं होतं. मला म्हणाला, "वैशे, लाव." किती दिवसांनी त्याने माझं नाव घेतलं होतं.

मला वाटलं त्याला गाणी ऐकायची असतील. तो म्हणाला, "तलवार लाव."

मी लावला. सीडी घरघरली. काळ्या कोटातला माणूस तसाच उभा होता, त्या पहाटे दादाने त्याला जिथे सोडलं होतं तिथेच, एका पुलावर. दादाने डावा हात टिकल्यांवर ठेवला. उजवा, पट्टी बांधलेला, मांडीवर. थोडा वेळ तो तसाच बसला. मग खुर्ची डावीकडे सरकवली आणि उजवीकडे बाकडं ओढून माझ्यासाठी जागा केली. "बाण तू घे," म्हणाला.

असं ते सुरू झालं. चालवायचं मी, मारायचं त्याने. ऐकायला सोपं वाटतं, पण एकाच माणसाचे पाय एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे असले की तो माणूस पहिल्यांदा नुसता भिंतीवर जाऊन आदळतो. मी पुढे न्यायची तेव्हा दादा मागे उडी मारायचा. तो तलवार उगारायचा तेव्हा मी त्याला पाठमोरा करायची. पहिल्या दिवशी आम्ही किती वेळा मेलो ते सांगता येणार नाही. पण त्यासाठी दादाला बोलावं लागलं. "डावीकडं. अजून. थांब. आता सर मागं." एवढंच, पण दोन महिन्यांत तो जितकं बोलला नव्हता तितकं त्या एका तासात बोलला. पाच वाजता लाइट गेली, स्क्रीन काळी झाली, आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा बाकडं आधीच ओढलेलं होतं.

माझे विद्यार्थी मला कधीकधी विचारतात, बाई, तुम्ही लहानपणी काय खेळायचा? मी वेल्ह्याकडच्या एका शाळेत शिकवते, रोज मार्गासनीवरून जाते. मी सांगते, लंगडी. तलवारीचं सांगायला लागलं तर ते हसतील, आणि ते हसणं बरोबरच असेल. पण ज्या गेमने दादाला त्या पहाटे जागवलं, तोच आम्ही पुन्हा रोज लावत होतो, आणि यात काही विचित्र आहे असं आमच्या मनालाही शिवलं नाही. घरात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

असंच एकदा एका दगडी दैत्याशी चाललं होतं. त्याच्याभोवती मला आमच्या माणसाला गोल गोल फिरवावं लागायचं. दादा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "उजवं बटन बांधलेलं व्हतं."

मी कीबोर्डकडे बघितलं. "कुठलं?"

"ह्यातलं न्हाई. प्रेसचं. प्रेसला दोन बटनं असत्यात, दोन हातांची. दोन्ही दाबली तरच दाब खाली येतो. म्हंजे हात मशीनमधी राहत न्हाईत. आमी उजवं तारेनं दाबून बांधायचो. उजव्या हातानं पत्रा सरकवायचा, डाव्यानं बटन मारायचं. माल दुप्पट निघतो. समद्याच मशीनला तार बांधलेली असती. साहेब येता-जाता बघत्यात."

मी बाण दाबत राहिले. दैत्याने एकदा आपटलं.

"आन झोप?" मी विचारलं.

"झोप बी व्हती," तो म्हणाला. "डोळा लागला न्हाई, पर हात आत हाय ह्ये ध्यानात राहिलं न्हाई. डाव्यानं मारलं." थोड्या वेळाने म्हणाला, "तू अंथरूण कवा घातलंस?"

"ते साहेब समदं तुझ्यावर ढकलाय आलते."

"व्हय," तो म्हणाला. "उजवीकडं घे. उजवीकडं."

पुढच्या सुट्टीला बाळूदादा आला. आमच्या मागे उभा राहून आमची ती दोघांची कसरत बघत होता. मग म्हणाला की आता तुझ्या मशीनवर मला घातलंय. दादाने विचारलं, "तार?"

"हाय की."

"सोड ती."

"सोडली तर माल निघत न्हाई, संत्या. माल न्हाई निघाला तर उद्यापासनं येऊ नको म्हणत्यात." बाळूदादा हसला नाही, चिडलाही नाही. "तू सोडली असतीस का?"

दादा पुन्हा स्क्रीनकडे वळला. बाळूदादाने त्या दिवशी जेवायला थांबावं म्हणून आईने घेवड्याची भाजी टाकली होती, पण तो थांबला नाही.

सरकारी इन्स्पेक्टर अपघाताच्या चौकशीला आले ते त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. साधे, वयस्कर, पायात धुळीने भरलेले बूट. सोबत कारखान्याचे तेच साहेब होते. याही वेळी ओसरीवरच बसले. दादा आतून स्वतः चालत आला आणि जात्याजवळ खाली बसला. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा."

"आदल्या राती म्या झोपलो न्हवतो," दादा म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. आबांनीही.

"का?"

"कंप्युटरवर गेम खेळत व्हतो. उजाडेपर्यंत. ह्ये लिवा." इन्स्पेक्टर लिहायला लागले तसा दादा म्हणाला, "आन प्रेसचं उजवं बटन तारेनं बांधलेलं व्हतं. ह्ये बी लिवा. दोन्ही लिवा."

"असलं काही आमच्याकडं चालत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "सेफ्टीचे बोर्ड लावलेत जागोजागी."

"मग आत्ताच चला," दादा म्हणाला. "दुसरी पाळी चालू हाय. माझ्या मशीनवर बाळू असंल. त्याचा हात अजून हाय तवर बघून घ्या."

इन्स्पेक्टरांनी कागदावरून वर बघितलं, पण दादाकडे नाही, माझ्याकडे. "साहेब म्हणत होते, बहिणीने सांगितलं की नऊ वाजता झोपला होता. तुम्हीच ना त्या?"

मी तोंड उघडायच्या आधी दादा म्हणाला, "ती झोपली व्हती. तिला काय ठाऊक न्हाई. मी अंथरुणावरनं उठून बसलो, ते तिला कसं दिसंल?"

हे खोटं होतं. त्याने दोन गोष्टी खऱ्या सांगितल्या आणि तिसरी खोटी सांगितली, ती माझ्यासाठी. मी खाली बघत उभी राहिले. जबाबाखाली सही करताना त्याने पेन डाव्या हातात धरलं. बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही. इन्स्पेक्टर उठले आणि साहेबांना म्हणाले, "आपण इथून सरळ कारखान्यातच जाऊ. फोन करू नका." आईने कप गोळा केले.

तारा निघाल्या. काही महिन्यांनी पुन्हा लागल्या असतील, मला माहीत नाही. बाळूदादा तोपर्यंत तिथून निघाला होता. तारा निघाल्यावर माल कमी निघाला, कारखान्यातली पोरं त्याच्यावर आणि दादावर चिडली, आणि बाळूदादाचं आमच्याकडे येणं वर्षभर बंद झालं. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. मार्गासनीला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि मी एसटीतून दिसले तर तो हात करतो. दादा आता गाई करतो, धार डाव्या हाताने आणि राहिलेल्या दोन बोटांनी काढतो. जबाबात जागरणाचं नसतं तर त्याला भरपाई जास्त मिळाली असती, असं सगळ्यांनीच सांगितलं. तो गेम आमचा कधीच पूर्ण झाला नाही. एका ठिकाणी, मोठं दार उघडतं तिथे, तो दर वेळी बंदच पडायचा. ते कंप्युटरवर आणणाऱ्यांचीच चूक होती, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. गाडी गेल्यावर आबा ओसरीवर तसेच बसून होते. मग उठून आत आले, कंप्युटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "लाव. बघू दे मला."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी लावला. आम्ही आमच्या जागांवर बसलो, तो डावीकडे, मी उजवीकडे. मला वाटतं आम्ही वाईट खेळलो नाही. आबा मागे उभे होते, त्यांच्या अंगाला उसाच्या पाचोळ्याचा वास येत होता. ते स्क्रीनकडे वाकले.

"ह्यात तू कुठला?"

"ह्यो काळा," दादा म्हणाला. "तलवारवाला."

"आन ही काय करतीया?"

"ती त्याला चालवती. मला दोन हात न्हाईत ना आबा."

बोटं गेल्यापासून घरात हे वाक्य पहिल्यांदा कोणी उच्चारलं होतं. आबांनी माझ्या बोटांकडे बघितलं, बाणांवर होती त्यांच्याकडे. मग टिकल्यांकडे बघितलं. त्या कोणाच्या आणि कोणी लावल्या असतील हे त्यांना कळलं, आणि त्या घासून फिक्या पडल्या होत्या त्यावरून, कधी लावल्या असतील तेही.

"म्हंजे त्यो जागा व्हता ह्ये तुला ठाऊक व्हतं," ते मला म्हणाले.

"व्हय."

मला वाटलं ते मारतील. मला त्याची भीती वाटली नाही; मारलं तर बरं होईल असंही वाटलं नाही. ते म्हणाले, "जा. गाईला वैरण टाकून ये."

मी गोठ्यात गेले. कडब्याची पेंढी सोडली, दोन्ही गाईंपुढे टाकली. त्या खायला लागल्या. तिथून मला आतलं स्पष्ट ऐकू येत नव्हतं. सीडी घरघरत होती, आबा काहीतरी विचारत होते, दादा थांबून थांबून सांगत होता, आबा पुन्हा विचारत होते. आईने मला दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही. मी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, मग त्यांच्यापुढचा कडबा संपलेला नसताना दुसरी पेंढी सोडली, आणि तिसरीही.